हावडा पूल (रवींद्र सेतू): नदीत एकही खांब का नाही?

हुगळीकाठ

हावडा पुलाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच वाक्यावर थांबतं: 'या पुलात एकही नटबोल्ट नाही.' मुख्य सांगाड्यापुरतं ते खरं आहे, पण त्यातून पूल कळत नाही. पूल समजून घ्यायचा तर आधी खालचं हुगळी नदीचं पाणी पाहावं. दोन मनोऱ्यांच्या मध्ये 1,500 फूट, म्हणजे 457 मीटर अंतर आहे आणि तेवढ्या पात्रात एकही खांब नाही. हा धागा त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

कोलकाता हे नदीवरचं बंदर. समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर लांब, तरी भरती-ओहोटी शहरापर्यंत येते, आणि मोठ्या भरतीला पाण्याची भिंतच्या भिंत उलटी नदीत शिरते. तिला तिकडे 'बान' म्हणतात. नदी गाळ घेऊन येते आणि तो कुठे टाकेल याचा नेम नसतो. अशा पात्रात खांब उभे केले की प्रवाह अडतो, खांबाच्या आसपास तळ खरवडला जातो आणि तिथली माती पुढे जाऊन बसते. बंदराचं पोट जहाजांवर चालतं. त्यामुळे शहराला पूल हवा आणि बंदराला खांब नकोत, हा तिढा पहिल्यापासूनच होता.

पुलाची गरज रेल्वेने निर्माण केली. 15 ऑगस्ट 1854 रोजी हावड्याहून हुगळी गावाला पहिली गाडी सुटली. स्टेशन पश्चिम काठावर आणि शहर पूर्व काठावर. आजही मुंबईहून नागपूरमार्गे येणारी मेल हावड्यालाच थांबते आणि शहरात जायला नदी ओलांडावी लागते. 1855-56 मध्ये पुलासाठी समिती बसली, 1859-60 मध्ये बेत बासनात गेला, 1868 मध्ये पुन्हा बाहेर निघाला. 1870 मध्ये पोर्ट ट्रस्ट (बंदराचा कारभार पाहणारी संस्था) स्थापन झाली, 1871 मध्ये हावडा पुलाचा कायदा झाला, आणि सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्याकडे काम गेलं. त्यांनी तिढा सोडवला तो तरंगत्या पुलाने. 17 ऑक्टोबर 1874 रोजी तो वाहतुकीला खुला झाला. लांबी 1,528 फूट, रुंदी 62 फूट, दोन्ही कडांना 7-7 फुटांचे पदपथ. मधला 200 फुटांचा भाग बाजूला काढता येई आणि तिथून जहाजं जात.

लेस्लींना खांबांचा पूल बांधता येत नव्हता असं नाही. वरच्या अंगाला हुगळी गावाजवळचा ज्युबिली पूल त्यांचाच, 1887 चा, आणि त्याला नदीत खांब होते. कोलकात्यासमोर मात्र तरंगता पूल. यावरून बंदराचं पारडं किती जड होतं ते दिसतं.

जाणकारांनी भर घालावी. पाया, रिव्हेट, पोलाद, देखभाल, सगळंच चालेल.

जुनी_कागदपत्रे

छान सुरुवात. तरंगत्या पुलावर आपण फार भरकन पुढे जातो. तो जवळजवळ सत्तर वर्षं चालला, म्हणून थोडं सविस्तर.

भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि इथे तरंगत्या पेट्यांवर जोडले. काम अर्ध्यावर असताना 20 मार्च 1874 रोजी मोठं वादळ झालं. 'इजेरिया' नावाची आगबोट दोर तुटून वाहत आली आणि पुलावर आदळली. तीन पेट्या बुडाल्या, सुमारे 200 फूट पुलाची मोडतोड झाली. एवढं होऊनही सात महिन्यांत पूल सुरू झाला. तरंगत्या पुलाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही यात आलं: मोडला तर तुकडा बदलता येतो, पण नदीत सुटलेली प्रत्येक बोट त्याची शत्रू.

1879 मध्ये पुलावर विजेचे दिवे लागले. वीज यायची मल्लिक घाटाच्या पंपिंग स्टेशनमधल्या डायनामोवरून. जहाजांसाठी पूल आधी फक्त दिवसा उघडत. तेवढा वेळ रस्ता बंद, दोन्ही काठांना गाड्यांच्या रांगा. जून 1906 पासून रात्री उघडायला लागले, फक्त समुद्रावरच्या मोठ्या आगबोटींना दिवसाच जावं लागे. त्याच वर्षी 27 ऑगस्टला, सगळ्यांत गर्दीच्या दिवशी, वाहनं मोजली तर तेरापैकी आठ हिस्से बैलगाड्या होत्या.

बैलगाड्यांचा हा आकडा लक्षात ठेवा. तरंगता पूल भरतीला वर जातो, ओहोटीला खाली बसतो, काठ मात्र जागच्या जागी. म्हणजे काठाजवळच्या जोडतुकड्यांचा उतार दिवसातून दोनदा बदलतो. ओहोटीला भरलेली बैलगाडी चढवणं म्हणजे बैलाच्या खुराखालची पकड जाणं, आणि एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडल्या. त्यातही मधला गाडीरस्ता 48 फूट आणि काठाजवळच्या तुकड्यांत 43 फूटच. अरुंद तोंड आणि चढ एकाच जागी.

उभा_छेद

@जुनी_कागदपत्रे, मग 1906 नंतर लगेच नवा पूल का नाही केला? तीस वर्षं कशात गेली?

जुनी_कागदपत्रे

@उभा_छेद, समित्यांत आणि महायुद्धात.

तेव्हाच्या समितीपुढे सहा पर्याय होते: मोठ्या फेरीबोटी, ट्रान्सपोर्टर पूल (वाहनं टांगत्या पाळण्यातून पलीकडे नेणारा), बोगदा, खांबांवरचा पूल, तरंगता पूल आणि कमानीचा पूल. समितीत बंदराचे, ईस्ट इंडियन रेल्वेचे आणि महापालिकेचे मुख्य अभियंते होते. त्यांचा कौल पुन्हा तरंगत्या पुलालाच. जगभरातून 23 कंपन्यांची संकल्पचित्रं आली. मग पहिलं महायुद्ध. जुन्याच पुलाचं 1917 आणि 1927 मध्ये अंशतः नूतनीकरण करून वेळ मारून नेली.

1921 मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांची समिती झाली. तिने लंडनच्या सर बेझिल मॉट यांचा सल्ला घेतला, त्यांनी एकाच गाळ्याची (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) कमान सुचवली. 1926 मध्ये नव्या पुलाचा कायदा झाला. 1930 मध्ये गूड समितीला पुन्हा विचारलं की खांबांचा पूल चालेल का. या टप्प्यावर रेंडेल, पामर अँड ट्रिटन ही सल्लागार कंपनी आली, आणि आज दिसतं ते संकल्पचित्र त्यांचे मुख्य आरेखक वॉल्टन यांचं. 1935 मध्ये कायद्यात दुरुस्ती, 1936 मध्ये काम सुरू. पूल खुला झाला 3 फेब्रुवारी 1943 रोजी. मुहूर्त नाही, सोहळा नाही. डिसेंबर 1942 मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले होते, त्यामुळे गाजावाजा टाळला. पहिलं वाहन गेलं ते एक एकटी ट्राम.

वऱ्हाडी_वाटसरू

माझा प्रश्न साधा आहे. खांब नको तर झुलता पूल का नाही? केबल टाकायची, काम झालं. एवढं पोलादाचं जंगल कशाला?

उभा_छेद

@वऱ्हाडी_वाटसरू, प्रश्न रास्त आहे. सल्लागारांनाही झुलत्या पुलाचा विचार करायला सांगितलं होतं. झुलत्या पुलाची केबल शेवटी काठावर जमिनीत बांधावी लागते, आणि ती जमिनीला आडवी ओढते. खडक असेल तर ठीक. इथे दोन्ही काठांना खोलवर नदीचा गाळ आणि चिकणमाती. मऊ जमीन उभा भार त्या मानाने बरा सोसते, सततची आडवी ओढ सोसवत नाही. हावड्याला स्वीकारलेली पद्धत बॅलन्स्ड कँटिलिव्हर. तिच्यात जमिनीवर येणारे भार मुख्यतः उभे असतात.

ही पद्धत समजायला कावड डोळ्यासमोर आणा. खांदा म्हणजे मनोरा. एक पारडं नदीकडे, एक काठाकडे. नदीकडची बाजू हवेत पुढे आलेली, तिला काही टेकू नाही. ती खाली जाऊ नये म्हणून काठाकडचं टोक धरून ठेवायचं. अशा दोन कावडी समोरासमोर उभ्या केल्या आणि दोघींच्या टोकांमध्ये एक तुकडा टांगला की झाला पूल.

आता मापं घ्या. काठाकडचा भाग, म्हणजे अँकर आर्म, 325 फूट. नदीकडचा कँटिलिव्हर 468 फूट. मधला टांगता गाळा 564 फूट. 468 + 564 + 468 = 1,500. मधल्या गाळ्याचं अर्धं वजन प्रत्येक कावडीवर येतं. म्हणजे एका बाजूला 325 फूट आणि दुसऱ्या बाजूला 468 अधिक निम्मा गाळा, 282, मिळून 750 फूट. कावड उघडच नदीकडे कलंडणार. म्हणून काठाकडचं टोक वर उचललं जाऊ पाहतं, आणि तिथला पाया खालून आधार देण्यासाठी नसून वरून खाली ओढून धरण्यासाठी आहे. पुलाचं टोक जमिनीवर 'टेकलेलं' आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते जमिनीला बांधून ठेवलेलं आहे.

आणखी एक बारकावा. मनोऱ्यांच्या पलीकडे, काठावरच्या भागात, रस्ता अँकर आर्मला लटकवलेला नाही, तो जमिनीवरून वेगळा उचललेला आहे. म्हणजे तिथल्या गाड्यांचं वजन त्या त्रिकोणी सांगाड्यावर येतच नाही.

हुगळीकाठ

@उभा_छेद, कावडीचं उदाहरण चपखल. फक्त एक भर. पूल उभारतानाही हीच पद्धत कामाची ठरली. नदीत मचाण बांधावं लागलं नाही. अँकर आर्मपासून सुरुवात करून वरच्या कडेवरून सरकणाऱ्या क्रीपर क्रेन एकेक भाग जोडत मध्याकडे गेल्या. खाली बोटी चालूच, जुना पूलही चालूच. 1940 च्या शेवटी कँटिलिव्हर पुढे निघाले, 1941 च्या मध्याला पुरे झाले. डिसेंबर 1941 मध्ये मधल्या गाळ्याचे दोन अर्धे भाग झाले, प्रत्येक 282 फूट लांब आणि सुमारे 2,000 टन वजनाचा. दोन्ही अर्धे हवेत पुढे आलेले आणि मध्ये फट. ती मिटवायला 16 हायड्रॉलिक जॅक लावले, प्रत्येकी 800 टन क्षमतेचे.

पायाभरणी

पायाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. वरचा पूल सगळ्यांना दिसतो, पण या कामाचं खरं कसब जमिनीखाली आहे.

प्रत्येक मनोऱ्याखाली एकच अखंड कैसन आहे. कैसन म्हणजे वरून बांधत जायचं आणि खालून माती काढत जायचं अशी अवाढव्य विहीर. इथे लांबी 55.31 मीटर, रुंदी 24.8 मीटर, आणि आत 21 चौकोनी विहिरी, प्रत्येकी 6.25 मीटर बाजूची. या विहिरींतून ग्रॅब (यांत्रिक पंजा) सोडून माती उपसायची, की कैसन स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. काम रात्रंदिवस चाले आणि दिवसाला फूटभर किंवा थोडं जास्त कैसन उतरे.

सरकतं म्हणायला सोपं आहे. भिंतींना बाहेरून माती घासते. इथे ते घर्षण दर चौरस मीटरला 29 किलोन्यूटन धरलं होतं. परिमिती साधारण 160 मीटर. 26 मीटर खोलीला घासणारं क्षेत्रफळ 4,160 चौरस मीटर, गुणिले 29 म्हणजे 1,20,000 किलोन्यूटन. सोप्या भाषेत 12,000 टनांहून जास्त वजन मातीनेच अडवून धरलेलं. म्हणून कैसन हलकं करून चालत नाही. वजन कमी पडलं की ते मध्येच अडकतं.

उलट मऊ माती लागली की ते भसकन जातं, आणि एका बाजूने जास्त गेलं की कलतं. उपाय असा की मऊ थरात अक्षाच्या दोन्ही बाजूंच्या समान विहिरी न खोदता तशाच ठेवायच्या. त्या मातीवर कैसन टेकून राहतं आणि ताबा सुटत नाही. कडक चिकणमातीत नेमकं उलटं करायचं: आतल्या बऱ्याच विहिरींखालची माती पूर्ण पोखरून काढायची, म्हणजे सगळा भार बाहेरच्या भिंतीच्या धारेवर आणि घर्षणावर येतो आणि ती धार माती कापत उतरते. त्या धारेवर दर मीटरला 100 टनांपर्यंत भार आला होता.

दोन्ही काठ सारखे वागले नाहीत. हावडा बाजूला उघड्या विहिरींतून उपसा करून भागलं. कोलकाता बाजूला वाहती वाळू लागली. वाहती वाळू म्हणजे तुम्ही एक घमेलं काढलं की बाहेरून दोन घमेली आत येतात, आणि काठावरची जमीन खचायला लागते. तिला अडवायला विहिरी वरून बंद करून आत दाबाखालची हवा भरली. दाब दर चौरस इंचाला 40 पौंड. तो सुमारे 28 मीटर पाण्याच्या दाबाइतका होतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण खोलीचं पाणी हवेने मागे रेटायचं. या कामावर सुमारे 500 माणसं होती. अशा दाबातून माणूस एकदम बाहेर आला तर रक्तात विरलेल्या वायूचे बुडबुडे होतात, सांधे आखडतात, जिवावरही बेततं. म्हणून बाहेर काढताना हवाबंद कोठीत दाब सावकाश उतरवावा लागतो. या पुलाबद्दल बोलताना त्या 500 माणसांचा उल्लेख व्हायला हवा, तो फारसा कुणी करत नाही.

हावडा बाजूची खोली साधारण 26.5 मीटर, कोलकाता बाजूची 31.4. खालच्या घट्ट पिवळ्या मातीत सुमारे दोन मीटर शिरल्यावर एकेक विहीर उपसून काँक्रीटने बुजवली. नोव्हेंबर 1938 मध्ये पाया पुरा झाला. एवढं धूड ठरल्या जागेपासून 50 ते 75 मिलिमीटरच्या आत बसलं. तीन-चार बोटं शेजारी शेजारी ठेवून पाहा, जेमतेम तेवढी चूक.

जुनी_कागदपत्रे

@पायाभरणी, एकदा ताबा सुटलाही होता. एका रात्री गाळ उपसताना खालची माती बसली आणि अख्खं कैसन एकदम दोन फूट खाली गेलं. हादरा एवढा की कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर तो भूकंप म्हणून नोंदला गेला, आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर पुन्हा बांधून दिलं. गाळातून वर आलेल्या वस्तूंत नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारच्या काळातली नाणी होती.

पायाभरणी

बरोबर. दोन फूट म्हणजे 60 सेंटिमीटर. वरच्या हिशोबातलं घर्षण एका क्षणात अपुरं पडलं आणि धारेखाली आधार उरला नाही, की असंच होतं. म्हणून कडक थर पोखरताना बाहेरच्या धारेजवळची माती शेवटी काढतात.

वऱ्हाडी_वाटसरू

आता नटबोल्टचं सांगा कुणीतरी. ते खरं की अर्धवट?

तापलं_लोखंड

खरं, पण त्यात चमत्कार नाही. त्या काळातले बहुतेक मोठे पोलादी पूल रिव्हेटचेच. 1932 चा सिडनीचा पूल घ्या, त्यात साठ लाखांच्या आसपास रिव्हेट आहेत. आजच्या ताकदीचे, घर्षणावर पकडणारे बोल्ट तेव्हा पुलांच्या कामात रुळलेले नव्हते. साधा बोल्ट भोकात सैल बसतो, आणि ट्राम गेली की हादऱ्याने नट फिरतो. रिव्हेटला फिरायला काही नसतंच.

रिव्हेट कसा बसतो ते नीट समजून घ्या, कारण पुलाचं आयुष्य त्यावर आहे. एका बाजूला डोकं असलेली पोलादी कांडी. भोक कांडीपेक्षा साधारण दीड मिलिमीटर मोठं. जोडायच्या प्लेटा आधी तात्पुरते बोल्ट आणि निमुळत्या पिना ठोकून एकरेषेत आणि घट्ट आवळायच्या. इथे चुकलं, भोकं एकमेकांवर आली नाहीत, तर पुढचं सगळं फुकट. मग टोळी लागते. एकजण भट्टीत कांडी साधारण 1,000 अंशांपर्यंत तापवतो, दुसरा ती घेऊन भोकात घालतो, तिसरा तयार डोक्याला मागून जड डॉलीने (लोखंडी ठोकळ्याने) दाबून धरतो, चौथा हवेच्या हातोड्याने दुसऱ्या टोकाचं डोकं घडवतो. मार बसला की कांडी आधी फुगून भोक भरते, मग डोकं होतं. थंड होताना ती आखडते आणि प्लेटा एकमेकींवर दाबते. ही दाबून धरणारी ताकद फुकटात मिळते.

चुका ठरावीक. कांडी कमी तापली तर डोकं बसतं पण भोक भरत नाही. जास्त तापली तर ठिणग्या उडतात, धातू जळतो, तो रिव्हेट टाकून द्यायचा. प्लेटांची एकूण जाडी रिव्हेटच्या व्यासाच्या आठपटीच्या पुढे गेली की मधल्या भागात भोक रिकामं राहायची भीती. डोकं मध्यापासून सरकलं, कडेला फट राहिली, तर काढून नवा.

तपासणी आजही हलक्या हातोडीनेच. डोक्याच्या एका बाजूला बोट ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने टिचकी द्यायची. घट्ट रिव्हेट 'ठण' वाजतो आणि बोटाला काही कळत नाही. सैल असला की आवाज बसका येतो आणि बोटाखाली थरथर जाणवते. डोळ्यांनाही दिसतं: सैल रिव्हेटच्या डोक्याखालून तांबूस गंजाचा ओघळ आलेला असतो. आता रिव्हेट मारणाऱ्या टोळ्या मिळणं अवघड, म्हणून जुन्या पुलांवर सैल रिव्हेट कापून त्या जागी ताकदीचे बोल्ट घालायची पद्धत आहे. त्यामुळे 'एकही नाही' हे मूळ सांगाड्याबद्दल म्हणावं. पुलाखालच्या देखभाल ट्रॉलीचे मार्ग तर बोल्ट आणि वेल्डिंगनेच जोडलेले आहेत.

शुद्ध_पोलाद

पोलादाचं राहिलं. पुलाला 26,500 टन पोलाद लागलं. ते इंग्लंडहून येणार होतं. युद्ध पेटलं आणि तिकडचं पोलाद युद्धाकडे वळलं. आलं फक्त 3,000 टन. उरलेलं 23,000 टनांच्या आसपास टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने दिलं. मुंबईत 1907 साली नोंदवलेल्या, 1912 मध्ये पहिलं पोलाद ओतणाऱ्या कंपनीने तीस वर्षांच्या आत हे करून दाखवलं.

टन मोजून उपयोग नाही, पोलाद कुठलं ते पाहा. लांब गाळ्याच्या पुलात पोलाद बहुतेक स्वतःचंच वजन पेलत असतं. साध्या पोलादाने बांधायला गेलं तर भाग जाड होतात, जाड झाले की वजन वाढतं, ते पेलायला आणखी जाड करावे लागतात. हे चक्र तोडायला जास्त ताणशक्तीचं पोलाद लागतं. टाटांनी यासाठी 'टिस्क्रोम' बनवलं. टिस्को (टाटांची पोलाद कंपनी) आणि क्रोमियम, नावातच सगळं आलं. प्रयोगशाळेत एक नमुना करणं वेगळं आणि प्रत्येक ओतणीत तोच दर्जा राखून हजारो टन प्लेटा, अँगल लाटून देणं वेगळं. घडाई कोलकात्यातल्याच चार कारखान्यांत झाली, आणि बांधणीचं काम ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तिथल्या तीन कंपन्यांच्या संयुक्त कंपनीने केलं.

हुगळीकाठ

हे सगळं वाचून मूळ मुद्द्यावर परत येतो. बंदराच्या आग्रहाने खांब टळले, पण उंची मिळाली नाही. पुलाखालची मोकळी उंची 8.8 मीटर. तरंगता पूल निदान मधून उघडायचा. नवा पूल उघडत नाही. म्हणजे मोठ्या जहाजांसाठी पुलाच्या वरच्या अंगाची नदी 1943 पासून बंदच झाली. पात्र मोकळं, डोक्यावर मात्र झाकण. हे कुठल्याच कौतुकाच्या लेखात येत नाही.

24 जून 2005 रोजी हेच भोवलं. भरतीच्या वेळी 'मणी' नावाची मालवाहू बोट खालून जाताना तिचं धुराडं पुलाखाली अडकलं आणि तीन तास अडकून राहिलं. भरतीत पाणी चढतच असतं, म्हणजे बोट खालून पूल वर रेटत होती. लांबीकडच्या तुळयांना आणि काही आडव्या तुळयांना मार बसला. @तापलं_लोखंड यांनी म्हटलेल्या ट्रॉलीच्या मार्गाचे 700 पैकी सुमारे 350 मीटर पार पिळवटले.

उभा_छेद

@हुगळीकाठ, बोटीने मारलं ते रस्त्याच्या चौकटीला, मुख्य सांगाड्याला नाही. रस्ता 39 जोड्या हँगरांनी (उभ्या लोंबत्या पोलादी दांड्यांनी) वरून टांगलेला आहे. हँगरांच्या जोडीत आडवी तुळई, पिनेने अडकवलेली. आडव्या तुळयांमध्ये लांबीच्या तुळयांच्या सहा रांगा, त्यांवर पुन्हा आडव्या कड्या, त्यांवर पन्हळी पोलादी पत्रा आणि वर काँक्रीट. मधल्या भागात आठ ठिकाणी सांधे आहेत, प्रत्येक कँटिलिव्हरला तीन आणि टांगत्या गाळ्यात दोन. मुख्य सांगाडा वाकतो, वाऱ्याने डुलतो, उन्हाने वाढतो, आणि रस्ता त्या प्रमाणात सांध्यांमध्ये फिरतो. 457 मीटर पोलाद 20 अंश तापलं तर सुमारे 11 सेंटिमीटर वाढतं. ही वाढ कुठेतरी मावली पाहिजे.

रस्ता सपाट नाही हेही लक्षात येत नाही. दोन्ही टोकांकडून 40 फुटांना एक फूट चढ, मध्ये 4,000 फूट त्रिज्येची वळणरेषा. रस्त्याला दोन्ही कडांकडे 48 ला एक उतार, पाणी निघून जायला. बंगालच्या पावसात हा उतार काँक्रीटइतकाच महत्त्वाचा.

निगराणी

देखभालीवर. पोलादी पूल झिजतो तो भाराने कमी, साचलेल्या ओल्या घाणीने जास्त. हावड्याला दोन त्रास आहेत. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि ती नेमकी कोपऱ्यांत, प्लेटांच्या बेचक्यांत साचते, जिथे ब्रश पोचत नाही. दुसरा त्रास माणसांचा. पान, गुटखा खाऊन हँगरांच्या मुळाशी थुंकतात. चुना, सुपारी, लाळ आणि वर पाऊस. हँगरांच्या पायथ्याला संरक्षणासाठी लावलेले पोलादी टोप 2007 पासून चारेक वर्षांत 6 मिलिमीटरचे 3 च्याही खाली आले. शेवटी फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. टोप बदलता येतो. हँगर तसा झिजला असता तर तो भार उतरवूनच बदलावा लागला असता.

रंगाच्या एका फेरीला सुमारे 26,000 लिटर शिसेविरहित रंग लागतो. रंगात खर्च असतो, पण काम बिघडतं ते आधीच्या सफाईत. गंजाचे पापुद्रे पूर्ण न काढता वरून रंग दिला की आतला गंज चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांत रंग फुग्यासारखा सुटतो. रिव्हेटच्या डोक्याभोवतीची कडा आणि दोन प्लेटांमधली फट ब्रशने आधी वेगळी भरून घ्यावी लागते, तिथे फवाऱ्याचा रंग बसत नाही.

भाराचं म्हणाल तर 1946 मध्ये मोजणी झाली तेव्हा रोज 27,400 वाहनं, 1,21,100 पादचारी आणि 2,997 गुरं होती. आज वाहनं एक लाखाच्या घरात. ट्राम 1993 मध्ये बंद झाली, त्यामुळे मोठा फिरता भार कमी झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये रात्री काही तास पूल पूर्ण बंद ठेवून तपासणी केली. रिकाम्या पुलाची मापं घ्यायची तर दुसरा मार्ग नाही. चालत्या वाहतुकीत तुळई किती वाकली आणि किती हादरली हे वेगळं करता येत नाही.

वऱ्हाडी_वाटसरू

मंडळी, खूप समजलं. शेवटचे दोन प्रश्न. रवींद्र सेतू हे नाव कधी आलं? आणि लांबीत आता कितवा?

जुनी_कागदपत्रे

14 जून 1965 पासून रवींद्र सेतू. बोलण्यात मात्र हावडा ब्रिजच.

उभा_छेद

बांधला तेव्हा कँटिलिव्हर पुलांत तिसरा: कॅनडातला क्वेबेक पूल 549 मीटर, स्कॉटलंडचा फोर्थ 521, मग हा. नंतर जपानचा मिनातो आणि अमेरिकेतले दोन पुढे गेले, म्हणून आता सहावा. आणखी एक गोष्ट बघा. खालच्या अंगाला 10 ऑक्टोबर 1992 रोजी खुला झालेला विद्यासागर सेतू केबलचा आहे, पद्धत पूर्ण वेगळी, पण मुख्य गाळा तोच, 457.2 मीटर. तिथेही पात्र मोकळं ठेवलं.

तापलं_लोखंड

कुणी तिकडे जाणार असेल तर कोलकाता बाजूने, मल्लिक घाटाच्या फुलबाजाराकडून पदपथावर चढावं. पदपथ मुख्य सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला आहे, 15 फूट रुंद, त्यामुळे हँगर हाताच्या अंतरावर येतात. रस्त्यातला सांधा शोधून तिथे थांबा. बस गेली की सांध्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या हलताना पायाला कळतात.